स्वधर्म आणि उन्हाळ्याची सुट्टी

स्वधर्म जन्माबरोबर येतो की अनुभवाने गवसतो, हा प्रश्न धाराशिव जिल्ह्यात, तेरणेकाठच्या तेर गावी, संत गोरा कुंभार ऊर्फ गोरोबाकाकांच्या समाधीपाशी मला अधिक निकडीचा वाटतो; कारण थापटण्याने संतांची डोकी पारखून ज्यांनी नामदेवांना कच्चे मडके ठरविले, अशी आख्यायिका आहे, त्यांना ती पारख चिखल तुडवूनच लाभली होती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली १० दप्तरमुक्त दिवसांची उमेदवारी सुचविली, बारावीपर्यंत सुट्टीतही तशी संधी असावी असे म्हटले. ही शिफारस मी धर्मविचारातच जमा धरतो. शहरी मुलाने फिरत्या चाकावर गोळा मधोमध बसवावा, तो कलंडावा, त्याने तो पुन्हा मळावा. मात्र कुंभाराच्या मुलीलाही तहसील कचेरीत, दवाखान्यात अशीच उमेदवारी मिळाली पाहिजे. एरवी निवड एकाची आणि वंशपरंपरा दुसऱ्याची, हा जुनाच दंडक नव्या फर्मानाने कायम राहील.