होऊन जाईल!

बालाघाट जिल्ह्यातल्या वारासिवनीजवळच्या एका गावात दोघे भाऊ राहत. थोरला आणि त्याची बायको धानाची शेती करत. धाकटा नागपुरात शिकून परतलेला. २०२१ साली बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं आणि धाकट्याच्या डोक्यात चक्रं फिरू लागली.

गावात चिन्नोर शिजे तो सणावाराला, पाहुण्यारावळ्यांसाठी. वास घमघमीत, पण उतारा कमी, पीक उशिराचं, त्यात उंच वाढून वाऱ्याने लोळणारं. म्हणून एखाद-दुसऱ्या बांधीपलीकडे कोणी लावत नसे. धाकटा म्हणाला, "हा तांदूळ पाकिटात भरून नागपूर-पुण्याला पाठवू. शेतकऱ्याला भाव मिळेल, गावाचं नाव होईल."

विचार सोळा आणे खरा होता. लोकांना पटला. त्यांनी चिन्नोरच्या बांध्या वाढवल्या, नागपूरच्या दुकानदारांनी आगाऊ पैसेही दिले. धाकटा पाकिटावरच्या चित्रात आणि बैठकांत गुंतला. धान कापायचं कधी, वाळवायचं कुठे, भरडायचं कोणत्या मिलमध्ये, असं कोणी विचारलं की त्याचं एकच उत्तर, "होऊन जाईल!"

दिवाळीनंतर कापणी झाली. कोणी धान ओलंच चुरून पोत्यात भरलं, कोणी तापल्या डांबरी रस्त्यावर पसरलं. काही पोत्यांत तर दुसऱ्याच वाणाची भेसळ. मिलमध्ये अख्ख्या तांदळापेक्षा कणीच जास्त निघाली. भाताला वास येईना. दुकानदारांनी माल परत धाडला.

धाकटा ओसरीवर डोकं धरून बसला. "वहिनी, लोकांना माझं स्वप्न कळलंच नाही."

वहिनीने दोन पोत्यांतलं मूठमूठ धान आणलं. "भाऊजी, हा दाणा चावा." दाणा टचकन न तुटता दाताखाली दबला. "हे ओलं. मिलमध्ये पिचणार." मग दुसऱ्या मुठीतल्या दाण्याचं टरफल नखाने सोलून तिने तो उजेडात धरला. आत आडवी चीर दिसली. "हे कडक उन्हात तडकलेलं. आता सांगा, यातलं कुठलं पोतं कोणाचं?"

धाकट्याला सांगता येईना.

"स्वप्न सगळ्यांना कळलं हो. कोणी, केव्हा, काय करायचं, ते मात्र तुम्ही कोणाला सांगितलं नाही."

पुढच्या हंगामात धाकट्याने झेपेल तेवढीच मागणी घेतली. एक वही केली : कोणाची बांधी, बियाणं कुठलं, कापणी कोणत्या दिवशी. धान ताडपत्रीवर सौम्य उन्हात, वरचेवर पाय फिरवून वाळवलं. ओलावा मोजायचं यंत्र आणलं. तो १४ टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय पोतं मिलला जाईना. चिन्नोर भरडायला घेण्याआधी मिल झाडून घेतली जाई आणि भरडाई संपेपर्यंत धाकटा तिथून हलत नसे.

या वेळी माल परत आला नाही, उलट पुढची मागणी आली. धाकटा वहिनीचे आभार मानू लागला, तर ती म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे धान वाळवतेय. ते पुण्याला विकता येईल, हे मात्र कधी माझ्या मनात आलं नव्हतं."

तात्पर्य : पुढाऱ्याने प्रत्येक काम स्वतः करावं असं नाही, पण ते कसं होतं आणि कुठे बिघडतं, हे त्याला ठाऊक हवं. नाहीतर चांगला विचारही लोकांच्या नजरेतून उतरतो.