दोन यमुना

साताऱ्यात किंवा सांगलीत कुठल्याही अभ्यासिकेत जा आणि स्पर्धा परीक्षेला बसलेल्या कुठल्याही पोराला विचारा, मराठीतली पहिली कादंबरी कोणती? प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येतं : ‘यमुनापर्यटन’, बाबा पदमनजी, 1857. आता विचारा, तिच्यात आहे काय? पोरगं गप्प. दोष त्याचा नाही. एका गुणाच्या प्रश्नापुरतं पुस्तक शिल्लक राहिलं की त्याला वाचक उरत नाही, पाठ करणारे उरतात.

मला ते वाचायला लावलं मिरजेच्या एका निवृत्त सिस्टरांनी. नाताळात त्यांच्याकडून करंज्या-शंकरपाळ्यांचा डबा येतो, दिवाळीत आमच्याकडून जातो. यंदा डब्याबरोबर कागदात गुंडाळलेलं हे पुस्तक आलं. मी जरा घुटमळलो असेन, कारण त्या हसून म्हणाल्या, “वाचा हो बिनधास्त, गुरुजी. पुस्तक वाचून कुणी बाटत नाही.”

पुस्तकाचं पूर्ण नाव ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचे निरूपण’. नावातच सगळा हेतू उघड. पदमनजी बेळगावचे, 1831 चा जन्म, जातीने कासार. मुंबईत शिकताना ते परमहंस सभेत जात. जात मोडायची, पण गुपचूप, असा त्या सभेचा खाक्या होता. गुपचूप काही करणं त्यांच्या स्वभावात बसलं नसावं. 1854 मध्ये त्यांनी बेळगावात बाप्तिस्मा घेतला आणि तीन वर्षांत ही कादंबरी लिहिली. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा 1856 चा, म्हणजे कायद्याची शाई वाळली न वाळली तोच पुस्तक बाजारात.

गोष्ट साधी आहे. शिकलेली यमुना आणि तिचा समजूतदार नवरा विनायकराव प्रवासाला निघतात. वाटेत जागोजागी विधवा भेटतात आणि आपापली कर्मकथा सांगतात. पुढे विनायकराव वारतो आणि यमुना स्वतःच त्या रांगेत येऊन उभी राहते. लेखक तिला त्यातून बाहेर काढतो, ख्रिस्ती करतो आणि तिचं दुसरं लग्नही लावून देतो.

वाचताना जाणवतं की इथे एका पुठ्ठ्यात दोन पुस्तकं बांधली आहेत. एकात लेखक ऐकतो. कुणाच्या बांगड्या फुटतात, कुणाला नेसत्या लुगड्याऐवजी आलवण मिळतं, कुणाच्या पुढ्यात न्हावी येऊन बसतो, आणि हे सगळं घरचीच माणसं, मायेची म्हणवणारी माणसं, व्यवस्थित, मुहूर्त पाहून करतात. कुणी राक्षस नाही. हे जाणायला बायकांच्या ओसरीवर कान देऊन बसावं लागतं. पदमनजी तसे बसले असले पाहिजेत, नुसत्या मनाने हे लिहून होत नाही.

दुसऱ्या पुस्तकात लेखक बोलतो. तिथे प्रश्न विचारणारा हटकून भोळा असतो आणि उत्तर देणारा हटकून शहाणा. हिंदूंच्या बाजूने बोलणाऱ्याला एकही धड मुद्दा सुचत नाही. आपल्या बाजूच्या माणसांना मात्र लेखकाने जावयासारखं जपलं आहे : त्यांना राग येत नाही, त्यांचा विश्वास डळमळत नाही, त्यांचं कधी चुकत नाही. अशा माणसांवर कोण विश्वास ठेवील? गंमत म्हणजे याच पदमनजींनी 1888 मध्ये ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहिलं, आणि त्यात शंका आहेत, घालमेल आहे, मागे-पुढे होणं आहे. स्वतःविषयी खरं सांगायला बसल्यावर त्यांना जो डळमळता माणूस दिसला, तो कादंबरी लिहिताना दिसला नव्हता.

हा काही ख्रिस्ती पुस्तकांपुरता दोष नाही. आपल्या घरच्या पोथ्या काढून पाहा. निंदक शेवटच्या अध्यायात पाया पडतोच, दुखणाईत उठून बसतोच. बुवा-महाराजांच्या मठात ‘अनुभवां’च्या पुस्तिका मिळतात, त्यांत ज्याला अनुभव आलाच नाही अशा माणसाचं एकही पत्र छापलेलं नसतं. प्रेरणादायी म्हणून जे जे विकलं जातं त्या सगळ्याची ही खोड आहे : जिंकणार कोण ते आधीच ठरलेलं. उलट तुकोबांचे अभंग टिकले, कारण ते विठोबाशी कडाकडा भांडतात आणि भांडण नेहमी मिटतंच असं नाही.

तरीही ‘यमुनापर्यटन’ बाजूला टाकायला माझा हात धजत नाही, आणि त्याचं कारण पुस्तकापेक्षा आपल्यात जास्त आहे.

या पुस्तकाकडे मराठी समाजाने पाठ फिरवली, त्याचं ठरलेलं स्पष्टीकरण असं की सांगणारा मिशनऱ्यांचा माणूस, त्याचा डाव धर्मांतराचा, म्हणून लोकांनी ऐकलं नाही. ऐकायला पटतं. पण मग आपल्याच साताऱ्याकडे पाहू. वाईजवळच्या बावधनचे विष्णुशास्त्री पंडित. जन्म 1827 चा, साताऱ्यात शिकलेले ब्राह्मण, शास्त्रात पुरते मुरलेले. ईश्वरचंद्र विद्यासागरांचं विधवाविवाहावरचं पुस्तक त्यांनी मराठीत आणलं, मंडळ काढलं, गावोगाव व्याख्यानं दिली. हाती वेद-स्मृतींचा आधार, तोंडी ख्रिस्ताचं नावही नाही. 1869 मध्ये मुंबईत त्यांच्या मंडळींनी एक पुनर्विवाह लावला, तर वाट्याला बहिष्कार आला. 1870 मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर वाद झाला आणि निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. 1874 मध्ये त्यांनी स्वतः एका विधवेशी लग्न केलं आणि दोन वर्षांत ते गेले. आज बावधनची बगाड यात्रा सगळ्यांना ठाऊक आहे. विष्णुशास्त्री बावधनचे, हे किती जणांना ठाऊक आहे?

म्हणजे तेच सत्य बाहेरच्याने सांगितलं तर ‘हा परधर्मी’, घरच्याने सांगितलं तर ‘हा घरभेदी’. बोलणाऱ्याचा धर्म ही सबब होती. ऐकायचंच नव्हतं, हे खरं कारण. आजही एखादी बोचरी गोष्ट कानावर आली की आपण आधी सांगणाऱ्याचं आडनाव पाहतो, मग पक्ष, मग त्याला पैसा कुठून मिळतो ते. हे सगळं तपासायला हरकत नाही. पण तपासून झाल्यावर मूळ गोष्टीकडे परत यावं लागतं, आणि तिथे आपण येत नाही.

पुढची यमुना तेहतीस वर्षांनी आली. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ 1890 पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः छापून येऊ लागली. तिची नायिकाही यमुनाच. तीही शिकलेली, तिचाही नवरा समजूतदार, तोही अकाली जातो. पण हरिभाऊंनी आपल्या यमूला सोडवलं नाही. सासरचे शंकरमामंजी तिच्या केसांवर वस्तरा फिरवतातच, आणि ती खचून मरते. इथे धर्मोपदेश नाही, बाप्तिस्मा नाही, सुटकेची वाट नाही. वाचकाच्या हाती फक्त शीर्षकातला प्रश्न उरतो.

कलाकृती म्हणून दुसरी यमुना कितीतरी सरस, यात वाद नाही. नीतीच्या बाजूने मात्र माझा निकाल इतका सरळ नाही. पहिल्या यमुनेच्या लेखकाला तिला जगवायचं होतं. त्याला जी एक वाट दिसली ती त्याने दाखवली. ती वाट आपल्याला मान्य नसेल. मग दुसरी वाट दाखवायची जबाबदारी आपली होती, आणि ती दाखवणाऱ्या बावधनच्या माणसाला आपण वाळीत टाकलं होतं. विधवेच्या मरणावर रडणं समाजाला परवडतं, तिचं पुन्हा संसार मांडून बसणं परवडत नाही.

पदमनजींच्या कादंबरीत न सापडलेली एक गोष्ट मला भलतीकडेच सापडली. धर्म बदलल्यावर माणसाला काय मोजावं लागतं, ती गोष्ट. यमुना ख्रिस्ती होते आणि सगळं मार्गी लागतं. प्रत्यक्षात काय होतं, ते लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहिलं आहे. ती कादंबरी नव्हे, पण कुठल्याही कादंबरीहून जास्त धरून ठेवते. त्यांच्या नवऱ्याने, नारायण वामन टिळकांनी, 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई माघारी राहिल्या, लहानग्या दत्तूला घेऊन, नातलगांच्या आधाराने, जवळजवळ पाच वर्षं. पुढे नवऱ्याजवळ आल्या, तरी आपलं सोवळं घेऊनच आल्या. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण कुणाच्या व्याख्यानाने पटून नव्हे, स्वतःच्या डोक्याने एकेक गाठ सोडवत. आणि हे सारं सांगताना हसतात कुणाला? बाजारातून आलेला प्रत्येक जिन्नस धुऊन घेणाऱ्या आपल्या वडिलांना, हातात पैसे पडले की कुणाच्या तरी अडचणीवर उधळून रिकाम्या हाताने घरी येणाऱ्या आपल्या रेव्हरंड नवऱ्याला, आणि सर्वांत जास्त स्वतःला. मिशनऱ्यांनाही सोडत नाहीत. आपल्या माणसांचं चुकतं हे ज्या बाईने इतकं मोकळेपणी लिहिलं, तिच्या श्रद्धेवर माझ्यासारखा माळकरी घरातला माणूसही शंका घेत नाही.

या टिळकांची अखेरची वर्षं साताऱ्यात गेली, हे सातारकरांनाही फारसं आठवत नाही. 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी संन्यास घेतला आणि इथे ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तो खुला होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असं सांगणारा हा माणूस, त्याच्या दरबाराला दारावर पहारा असता तरच नवल. दोन वर्षांत, 9 मे 1919 रोजी टिळक वारले आणि दरबार वाढायचा राहून गेला. पण आयुष्याच्या अखेरीस एक धर्मोपदेशक दारावरची अट काढून टाकतो, हे मला कुठल्याही धर्मांतरकथेपेक्षा मोठं वाटतं.

सिस्टरांना मी माझं रडगाणं सांगितलं, की उपदेशाची पानं वाचवत नाहीत. त्या म्हणाल्या, “मग आमच्या दवाखान्यात यायला हवं होतं तुम्ही. तिथं उपदेश ऐकायला सवड कुणाला होती?” हा दवाखाना मिशनचा. डॉ. वॉन्लेस 1889 मध्ये सांगलीत आले आणि 1894 मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उघडलं. लांबलांबून बैलगाड्या यायच्या त्या मोतीबिंदू काढून घ्यायला. मिशनचा हेतू तिथेही होता, तो कुणी लपवला नाही. पण डोळ्यावरची पट्टी सुटून दिसू लागलेल्या माणसाने तिथून काय न्यायचं, ते त्याचं तो ठरवत होता. कथेतल्या पात्राला ही मोकळीक लेखकाने द्यावी लागते, आणि हेतू बाळगून लिहिणाऱ्याला तेच सर्वांत जड जातं.

जड जातं, अशक्य नाही. व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ सानेगुरुजींनी ‘दुःखी’ या नावाने मराठीत आणली, त्यामुळे चांदीची भांडी चोरणाऱ्याला वर मेणबत्तीदाण्याही देऊन टाकणारा बिशप आपल्या परिचयाचा आहे. मूळ कादंबरीत त्याच बिशपचा आणखी एक प्रसंग आहे, फारसा न सांगितला जाणारा. गावाबाहेर एक म्हातारा मरायला टेकला आहे. जुना क्रांतिकारक, चर्चला न मानणारा, सगळ्या गावाने टाकलेला. बिशप कर्तव्य म्हणून जातो, मनात थोडी अढी धरूनच जातो. वाद होतो, आणि म्हातारा एकेक मुद्दा असा काही मांडतो की बिशपची बोलती बंद होते. शेवटी म्हातारा विचारतो, माझ्याकडे काय मागायला आलात? बिशप गुडघे टेकतो आणि त्याचा आशीर्वाद मागतो.

धर्मावरच्या कथेत इतका प्रामाणिकपणा मी क्वचित पाहिला आहे. पदमनजींच्या एखाद्या पात्राने समोरच्या भाविक म्हातारीपुढे असं नमून, “तुमच्या विठोबानं तुम्हाला काय दिलं, ते सांगा,” असं विचारलं असतं, तर पुस्तकातली ती दुसरी पानंही जगली असती. त्यासाठी पदमनजींना आपला ख्रिस्त तसूभरही सोडावा लागला नसता.

असो. हे माझं मत, तुम्ही माझ्या भरवशावर राहू नका. ‘स्मृतिचित्रे’ कुठल्याही बऱ्या वाचनालयात मिळेल, ‘पण लक्षांत कोण घेतो?’ही मिळेल. ‘यमुनापर्यटन’साठी ग्रंथपालांना थोडा त्रास द्यावा लागेल. तो जरूर द्या. आणि उपदेशाची पानं आली की चाळून पुढे जा, बाबा पदमनजी काही तुमची परीक्षा घ्यायला बसलेले नाहीत.