लेखनदोष आणि नैतिक संताप

इंग्रजीत 'त्याचे' या अर्थाचे षष्ठीरूप 'इट्स' ॲपॉस्ट्रॉफीशिवाय लिहिले जाते, तर 'ते आहे' या अर्थाचे संक्षिप्त रूप ॲपॉस्ट्रॉफीसह. सुशिक्षितांच्याही लेखनात या दोन रूपांची अदलाबदल होते. चूक क्षुल्लक असली तरी तिच्यावरील प्रतिक्रिया विलक्षण तीव्र असते. ब्रिटनमध्ये जॉन रिचर्ड्स यांनी २००१ साली या चिन्हाच्या रक्षणार्थ संस्थाच काढली. लिन ट्रस यांच्या विरामचिन्हांवरील २००३ च्या पुस्तकाचा खप प्रचंड झाला. भाषिक संकेताचा भंग हा नैतिक अपराध का मानला जातो, हा येथील खरा प्रश्न आहे.

अर्थहानी हे या संतापाचे समर्थन म्हणून पुढे केले जाते. पण ते टिकत नाही. दोन्ही रूपांचा उच्चार एकच आहे. देवनागरीत त्यांतील भेद दिसतही नाही. तरीही वाक्यसंदर्भावरून अर्थ निःसंदिग्ध राहतो. शिवाय हा नियम सनातन नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत षष्ठीरूपही अनेकदा ॲपॉस्ट्रॉफीसह छापले जाई. इंग्रजी नामांच्या षष्ठीला हे चिन्ह लागतेच. त्या सादृश्यानेच आजचा लेखक चुकतो. म्हणजे या चुकीच्या मुळाशी नियमाचा अभाव नसून नियमाचा अतिविस्तार असतो.

तेव्हा संतापाचे मूळ अन्यत्र शोधावयास हवे. रॉबर्ट लाउथ यांनी आपल्या १७६२ च्या व्याकरणात शेक्सपिअर, मिल्टन यांच्याही लेखनातील दोष दाखविले. परंतु त्यावरून या कवींना कोणी अडाणी ठरविले नाही. उलट, अनेकवचनात अकारण येणाऱ्या चिन्हाला इंग्रजीत 'भाजीवाल्याचे ॲपॉस्ट्रॉफी' असे नावच पडले आहे. दोषाच्या नावातच एका वर्गाची हेटाळणी सामावलेली आहे. दोष कोणाचा, यावर त्याचे गांभीर्य ठरत असेल, तर तो निर्णय व्याकरणाचा नव्हे, प्रतिष्ठेचा होय.

मात्र यावरून नियम शिकवूच नयेत, असे निष्पन्न होत नाही. नोकरीच्या अर्जातील एका चिन्हावरून माणसाची पारख होत असेल, तर समतेच्या नावाखाली तो नियम न शिकविणारा शिक्षक विद्यार्थ्याला त्याच हेटाळणीच्या हवाली करतो. दुरुस्ती आणि तुच्छता यांतील सीमारेषा येथेच आखावी लागते. दुरुस्तीचा विषय लेखन असतो, तुच्छतेचा विषय लेखक. पहिली कृती दुसऱ्याला संकेताच्या आत घेते. दुसरी त्याच संकेताचे कुंपण करून त्याला बाहेर ठेवते.