भीती कोणाच्या अंगावर सोडायची?



आपण भूत मानत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात श्राद्धाला आणि पिंडदानाला साफ नकार आहे. मेलेला माणूस परत येत नाही, हे आपल्या घरातलं शेंबडं पोरगंही सांगते. तरी मी गेल्या महिन्यात भुताच्या सिनेमाला संगीत देत बसलो होतो. काहून बसलो आणि कुठं अडलो, ते सांगतो. कारण हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही.

सिनेमा आमच्या वलगावच्याच एका दोस्ताचा. वीसेक मिनिटांचा, मोबाइलवर घेतलेला. अमरावतीच्या एका पोरानं कीबोर्डवर पार्श्वसंगीत करून दिलं होतं, पण दोन जागा मोकळ्या राहिल्या होत्या. तिथं जादा संगीत पाहिजे होतं. मी भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवतो. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहतो. संगीताचं शिक्षण शून्य. पण रोज आठ तास आवाजात उभं राहणाऱ्याला आवाज थोडाफार कळतो.

जादा संगीत म्हणजे दुय्यम काम, असं मला वाटायचं. तसं नाही. १९७३ च्या 'द एक्सॉर्सिस्ट'च्या वेळी दिग्दर्शकानं लालो शिफ्रिन यांचं संगीत नाकारलं, दुसऱ्यांच्या आधीच असलेल्या रचना घेतल्या आणि जादा संगीत जॅक नित्शे यांच्याकडून करून घेतलं. आपल्याकडच्या 'तुंबाड'चं (२०१८) पार्श्वसंगीत जेस्पर किड या डॅनिश माणसाचं, तर शीर्षकगीत आपल्या अजय-अतुलचं. एका सिनेमाची भीती अनेक हात मिळून घडवतात. म्हणून 'मी तर दोन मिनिटंच वाजवलं' असं म्हणून कोणाला सुटता येत नाही.

ही भीती घडते कशी? खालच्या पट्टीतला एक सूर लांबवत ठेवायचा. कानाला त्याची सवय झाली की त्याला खेटून शेजारचा दुसरा सूर लावायचा. दोघं एकमेकांशी भांडतात, ऐकणारा अस्वस्थ होतो. मग सगळं बंद. आणि त्या शांततेत एकदम दणका. 'सायको'तला (१९६०) न्हाणीतला खून हिचकॉकला संगीताशिवाय पाहिजे होता. बर्नार्ड हर्मन यांनी नुसत्या तंतुवाद्यांवर केलेला तुकडा ऐकला आणि त्यानं मत बदललं. डोकं भूत मानत नाही, पण अंगावर काटा येतोच. संगीत डोक्याला विचारत बसत नाही. त्याची ताकद हीच, आणि धोकाही हाच.

आता माझी अडचण. सिनेमात गावाबाहेर, पेढी नदीच्या काठी एकटी राहणारी एक म्हातारी आहे. गावात पोरं आजारी पडतात. लोक तिच्यावर संशय घेतात आणि एका रात्री तिच्या झोपडीवर चालून जातात. पहिली मोकळी जागा म्हातारी पहिल्यांदा दिसते तिथं. दुसरी, गाव तिच्या दाराशी येतं तिथं.

दोस्त म्हणाला, "तिच्या एन्ट्रीले डफडं टाक लेका. लोकायचं काळीज हाललं पाह्यजे."

मी म्हटलं, "काहून बा? तिनं काय केलं?"

"अजून काई नाई केलं. पण लोकायले वाटलं पाह्यजे ना!"

इथं माझा हात थांबला. म्हातारी नदीवरून पाण्याची कळशी घेऊन येते, एवढंच पडद्यावर आहे. पण खाली डफडं लागलं की पाहणारा ठरवून टाकतो, हीच ती. गुन्हा व्हायच्या आधी निकाल. दोस्तहो, जात याहून वेगळं काय करते? आपल्या आज्या-पणज्याची सावली पडायच्या आधीच गावानं त्यांच्याबद्दल ठरवलेलं असायचं. त्यांनी काही करायची गरजच नव्हती.

आणि वाद्य कोणतं, तर डफडं! माझा पणजा गावच्या मर्तिकाला, मरीमायच्या गाड्यापुढं डफडं वाजवायचा. १९५६ नंतर त्यानं ते खुंटीला टांगलं. पुन्हा हात लावला नाही. घरात उपास पडले, पण लावला नाही. काही साथी म्हणतात, डफडं म्हणजे गुलामी, जाळून टाका. मला ते पटत नाही. तेच कातडं आज मोर्च्यातही कडाडतं. कातड्याचा दोष नाही. ते कोणाच्या बाजूनं आणि कोणाच्या अंगावर वाजतं, एवढंच पाहायचं. पणज्यानं गावासाठी वाजवायचं सोडलं, ते मी सिनेमातल्या गावासाठी, एका म्हातारीच्या अंगावर वाजवू?

दोस्त म्हणतो, सिनेमा खोटा असते. असू दे. पण बाईला चेटकीण ठरवून मारणं खोटं नाही. म्हणून तर महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, आणि तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं. तिथं भूत नव्हतं. गाव होतं. आपल्या माणसाला रात्री भीती वाटते ती पिंपळाची नाही. दाराबाहेर जमलेल्या पावलांची वाटते. या भीतीला सिनेमात कोणी सूर दिला?

आणि हे चाललं होतं कुठं, तर वलगावात. याच पेढीच्या काठी २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबासाहेब गेले त्याला चौदा दिवस झाले होते. गाडगेबाबाही आवाजाचेच कारागीर. कीर्तनात वऱ्हाडी बोलीत ते लोकांना प्रश्न विचारत. नवस, बळी, देवाधर्माचा बाजार यांची भीती उत्तर देता देता लोकांच्या मनातून उतरायची.

मी दोन्ही जागा करून दिल्या. म्हातारी येते तिथं काहीच वाजवलं नाही. कळशीतलं पाणी डुचमळतं, तिचा श्वास ऐकू येतो, बस. गाव दाराशी येतं तिथं डफडं टाकलं. पणज्याचा मर्तिकाचा ठेका, संथ. त्याच्याखाली गिरणीच्या मशीनची मोबाइलवर भरून आणलेली घरघर.

दोस्त ऐकून म्हणाला, "मंग लोकं भेतीन कसे?"

"गावाले भेतीन," मी म्हटलं.

दुसरा तुकडा त्यानं ठेवला. पहिल्यावर अजून आमचं भांडण चालू आहे. तो म्हणतो, दुसऱ्याकडून डफडं वाजवून घेईन. मी म्हटलं, माझं नाव काढ. पण नाव काढल्यानं मी मोकळा होत नाही, हे वर मीच लिहिलं आहे. म्हणून रोज पाळी सुटली की त्याच्याकडे जातो आणि वाद घालतो. ती म्हातारी पाणी घेऊन घरी सुखरूप पोचेस्तोवर घालणार आहे.