भल्या माणसाला नकार

दुष्टाला नकार द्यायला धैर्य लागते, हे कोणीही मान्य करील. पण ज्याचे आपल्यावर उपकार आहेत अशा सज्जनाला नकार द्यायला काय लागते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. शार्लट ब्रॉन्टेने तो केला होता. तिची ‘जेन एअर’ ही कादंबरी १८४७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत, करर बेल या टोपणनावाने प्रसिद्ध झाली.

जेनचे पहिले बंड सर्वांच्या लक्षात राहते. रॉचेस्टरची बायको जिवंत आहे, हे ऐन लग्नाच्या वेळी उघडकीस येते; आणि त्याच्यावर जीव असूनही जेन अवघे वीस शिलिंग घेऊन पहाटे घर सोडते. मला मात्र तिचे दुसरे बंड मोठे वाटते.

उपाशीपोटी दारात आलेल्या जेनला सेंट जॉन रिव्हर्स हा तरुण धर्मोपदेशक आसरा देतो. पुढे तो तिचा आतेभाऊच निघतो. हा गृहस्थ निर्व्यसनी, कष्टाळू, गोरगरिबांसाठी झटणारा. त्याला मिशनरी होऊन आपल्या हिंदुस्थानात यायचे आहे. जर्मन सोडून हिंदुस्थानी शीक, असे तो जेनला सांगतो. मग म्हणतो, माझी पत्नी होऊन चल. प्रेमाचा शब्द नाही. नकार दिलास तर तो ईश्वराला दिलास, एवढे मात्र बजावतो.

जेन शांतपणे उत्तर देते : बहीण म्हणून येईन, तिथे राबेन, तिथले ऊन सोसले नाही तर मरेनही, पण पत्नी होणार नाही.

हा स्वार्थ म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. श्रम देता येतात, प्राणही देता येतात. पण मनात नसलेले प्रेम आहे असे दाखवून संसार मांडणे ही फसवणूक. आणि ती कर्तव्याच्या नावाने मागितली म्हणून पुण्य ठरत नाही. शिवाय विवाहित स्त्रीची मालमत्ता पूर्णपणे तिच्याच हाती ठेवणारा कायदा इंग्लंडात १८८२ साली झाला. म्हणजे त्या काळी ‘हो’ म्हणणाऱ्या स्त्रीजवळ मागे फारच थोडे उरत असे.

पुढे जेन डळमळते, आणि तेवढ्यात रॉचेस्टरची हाक तिला दुरून ऐकू येते. ही लेखिकेने केलेली सोय आहे, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे! जेनचे पहिले ‘नाही’ त्या हाकेच्या आधीचे आहे. आणि शार्लटने स्वतः १८३९ साली मैत्रिणीच्या पाद्री भावाला नकार दिला, तेव्हा तर अशी हाक मारणारे कोणी नव्हते.

कादंबरीच्या अखेरच्या ओळी जेन आपल्या सुखाला देत नाही. हिंदुस्थानात एकटाच झिजत असलेल्या सेंट जॉनला ती त्या देते, आणि त्याही आदराने. ज्याला नकार दिला, त्याचा मोठेपणा तिने नाकारला नाही. म्हणूनच त्या नकाराला आकसाचा वास येत नाही.