शाळेचे नियम आणि बालरक्षक

(शास्त्रपाठ : गलतीकरांस पत्र, अध्याय ३, ओव्या २३ ते २६)



जून महिना आला, मुलाचें नांव हायस्कुलांत दाखल झालें, म्हणजे घरीं एक दैनंदिनी येते. तिच्या पहिल्या पानांवर शाळेचे नियम छापलेले असतात. घंटेपूर्वीं हजर राहावें. गणवेश स्वच्छ असावा. मोबाइल आणूं नये. रजेच्या अर्जावर पालकाची सही असावी, इत्यादि. खालीं पालकाच्या सहीची जागा असते. आपल्यापैकीं पुष्कळ जण तें पान न वाचतांच सही करितात, कित्येक अंगठा उठवितात, आणि वही दप्तरांत जाते. पुढें एके दिवशीं मूल फाटकावरून परत येतें, तेव्हां आपण कशाला मान्यता दिली होती हें प्रथम कळतें.

ह्या पानाचा आज देवाच्या वचनाच्या उजेडांत विचार करूं. नियम कशासाठीं असतो? तो कोणीं व कसा पाळावा? आणि नियमच मुलाच्या आड येऊं लागला तर ख्रिस्ती मनुष्यानें काय करावें?

पौल प्रेषितानें गलतीयांतील मंडळ्यांस लिहितांना मोशेच्या नियमशास्त्राला एका घरगड्याची उपमा दिली आहे. आपल्या मराठी शास्त्रांत त्याला बालरक्षक म्हटलें आहे. त्या काळीं ग्रीक व रोमी लोकांच्या संपन्न घरांत एक दास मुलाच्या दिमतीस दिलेला असे. सकाळीं तो मुलाला गुरूकडे घेऊन जाई, त्याच्या पाट्या उचली, रस्त्यांत वाईट संगतीपासून त्याला राखी, उठण्याबसण्याची रीत लावी, आणि शाळा सुटली म्हणजे परत घरीं आणी. विद्या देणारा गुरु निराळा. मुलाला त्या गुरूपर्यंत सुखरूप पोंचवावें, एवढीच ह्या दासाची चाकरी. आणि मूल जाणतें झालें म्हणजे ती चाकरी संपे. नियमशास्त्रानें आपणांस ह्याच रीतीनें ख्रिस्तापर्यंत आणलें, असा पौलाचा भाव आहे.

हाच शब्द आज आपल्या राज्याच्या शिक्षणखात्यांतही ऐकूं येतो. २०१७ च्या सुमारास महाराष्ट्रांत बालरक्षक नांवाची चळवळ सुरू झाली. शाळेबाहेर राहिलेलीं व आईबापांबरोबर परगांवीं गेलेलीं मुलें शोधून त्यांस शाळेंत आणण्याचें काम जे शिक्षक आपण होऊन अंगावर घेतात, त्यांस हें नांव दिलेलें आहे. जुन्या काळचा तो दास आणि आजचा हा शिक्षक, दोघांचें काम एकच आहे. शाळेचा प्रत्येक नियमही ह्याच मापानें मोजावा. मुलाला गुरूपर्यंत पोंचविणारा जो नियम, तो चांगला नियम. त्याला गुरूपासून दूर ठेवणारा जो नियम, त्यानें आपली चाकरी सोडली असें समजावें.

पहिली गोष्ट ही कीं, चांगला नियम मनापासून पाळावा, आणि तो आधीं आईबापांनीं पाळावा.

दहावीच्या परीक्षेस बसण्यासाठीं शेंकडा ७५ हजेरी लागते, असा मंडळाचा नियम आहे. कापूस वेंचणी आली, कांदे काढणें आलें, कीं आपण मुलाला चार-आठ दिवस शेतावर ठेवतों. गरिबी काय असते हें देव जाणतो, व पाळकही जाणतो. परंतु त्यानंतर रजेच्या अर्जावर मूल आजारी होतें असें लिहून बाप सही करतो, त्या वेळीं काय घडतें? मुलाचे आठ दिवस बुडाले, ते कदाचित् भरून येतील. पण खोटें कसें लिहावें हा धडा बापानें स्वतःच्या हातानें घालून दिला, तो मूल जन्मभर विसरणार नाहीं. अर्जांत खरें कारण लिहावें. मुख्याध्यापक रागावले तर तो राग सोसावा.

तीच गोष्ट तंबाखूची. शाळेच्या शंभर यार्डांच्या आंत तंबाखू व सिगारेट विकूं नये असें २००३ चा कायदा सांगतो. हा नियम दुकानदारावर आहे. परंतु मूल ज्या घरांतून शाळेस निघतें त्याच घरांत बापाच्या खिशांत गुटख्याची पुडी आणि आजीच्या हातांत मिश्री असेल, तर शंभर यार्डांची ती मर्यादा काय उपयोगाची? नियम फाटकापाशीं सुरू होत नाहीं. तो चुलीपाशीं सुरू होतो.

आपला प्रभु बारा वर्षांचा असतां यरुशलेमेच्या मंदिरांत गुरुजनांमध्यें बसला, त्यांचें ऐकत होता व त्यांस प्रश्न करीत होता, आणि त्याच्या बुद्धीचें सर्वांस नवल वाटलें, हें लूकाच्या दुसऱ्या अध्यायांत आहे. त्याच अध्यायांत पुढें असेंही आहे कीं तो नासरेथास परत गेला व आईबापांच्या आज्ञेंत राहिला. मुलांनो, ज्याच्या ज्ञानापुढें शास्त्री चकित झाले, त्याला आज्ञेंत राहण्यांत कमीपणा वाटला नाहीं. मग घंटेबरोबर वर्गांत जाण्यांत आणि मोबाइल घरीं ठेवण्यांत तुम्हांस कमीपणा कां वाटावा?

दुसरी गोष्ट. जो नियम मुलाला दाराबाहेर ठेवतो, त्याच्यापुढें मुकाट्यानें मान वांकवूं नये.

ही गोष्ट आपल्या लोकांस नवी नाहीं. १८५६ सालीं, तेव्हां मुंबई इलाख्यांत असलेल्या धारवाड येथें, एका महार मुलानें सरकारी शाळेंत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला. त्याची मागणी न्यायाची आहे हें अधिकाऱ्यांस नाकारतां आलें नाहीं. परंतु एकाला घेतलें तर बाकीचीं मुलें शाळा सोडतील ह्या भीतीनें त्याला दाराबाहेर ठेवण्यांत आलें. पुढें १८५८ सालीं, सर्वस्वी सरकारी खर्चानें चालणाऱ्या शाळा सर्व जातींच्या मुलांस खुल्या राहतील, असें ठरलें. कागदावरचें दार उघडलें. तरी ७ नोव्हेंबर १९०० रोजीं भीमराव आंबेडकर ह्यांचें नांव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलांत दाखल झालें, त्या काळींही अस्पृश्य मानलेल्या मुलाला गोणपाटावर निराळें बसावें लागे, आणि नळाला स्वतः हात लावण्याची मुभा नसे. शिपायानें नळ सोडला तर पाणी, नाहीं तर तहान. तो प्रवेशाचा दिवस आतां २०१७ पासून महाराष्ट्रांत विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. एका मुलाच्या शाळेंत जाण्यानें काय होऊं शकतें हें सर्व देशानें पाहिलें आहे. धारवाडच्या त्या मुलाचें नांव मात्र कोणाच्या ओठीं नाहीं.

आतां आजच्या काळाकडे या. बेलापूर म्हटलें कीं तुमच्यापैकीं कित्येकांस श्रीरामपूर तालुक्यांतील प्रवरेकांठचें बेलापूर आठवेल. मी सांगतों तें दुसरें, ठाणें जिल्ह्यांतील खाडीकांठचें. १९७० सालीं सिडको स्थापन झाली व नवी मुंबई वसूं लागली. तेव्हां आगरी-कोळी लोकांच्या ह्या जुन्या गांवाजवळ नव्या शहराचा कचेऱ्यांचा भाग आंखला गेला. त्याला सीबीडी बेलापूर म्हणतात. तेथें सिडको भवन आहे, कोंकण विभागाच्या आयुक्तांचें कोंकण भवन आहे, आणि १९९२ सालीं अस्तित्वांत आलेल्या नवी मुंबई महानगरपालिकेचें मुख्यालयही आहे. नियम लिहिणाऱ्या व चालविणाऱ्या इतक्या कचेऱ्या एकमेकींच्या शेजारीं क्वचितच दिसतील. आणि ह्याच शहरांत आपल्या खेड्यांतून पोटासाठीं गेलेलीं कुटुंबें बांधकामावर, धुण्याभांड्यावर, रात्रीच्या पहाऱ्यावर काम करून राहतात.

समजा, अशा एका कुटुंबाचें मूल सातवींत आहे. पाऊस गेला, काम संपलें, आणि दिवाळीनंतर गांव सोडावें लागलें. घाईंत जुन्या शाळेचा दाखला काढावयाचा राहिला. बेलापुरास नव्या शाळेच्या कचेरींत पहिला प्रश्न येतो, दाखला कोठें आहे? बाप खालीं मान घालून परत फिरतो. मूल धाकट्या भावंडाला सांभाळीत खोलींत बसतें. एक महिना जातो, दुसरा जातो, आणि मग तें मूल शाळेंत कधींच जात नाहीं.

बंधूंनो, कायदा ह्या बापाच्या बाजूचा आहे. पण तें त्याला ठाऊक नाहीं. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिनियम २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीं, आठवीपर्यंत, त्यांत असें ठरलेलें आहे : सरकारी, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेंत बदली मागणाऱ्या मुलाला, दाखल्यास उशीर झाला ह्या कारणानें प्रवेश नाकारतां येत नाहीं. वयाचा पुरावा नाहीं म्हणूनही नाकारतां येत नाहीं. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकानें दाखला ताबडतोब दिला पाहिजे. आठवी पुरी होईपर्यंत मुलाला शाळेंतून काढून टाकतां येत नाहीं. आणि मुलाला मारणें किंवा त्याच्या मनाचा छळ करणें ह्यास मनाई आहे.

प्रभूपाशीं लेंकरें आणलीं जात असतां शिष्यांनीं त्यांस अडविलें, तेव्हां प्रभूला राग आला, असें मार्काच्या दहाव्या अध्यायांत लिहिलें आहे. शिष्यांनाही वाटलें असेल कीं आपण शिस्त राखीत आहों. परंतु लेंकरांना अडविणारी शिस्त प्रभूनें मान्य केली नाहीं. शब्बाथ देखील मनुष्याच्या हितासाठीं दिलेला आहे, असें त्यानें परुश्यांस सांगितलें. मग शाळेच्या कचेरींतील एका रकान्याचें काय?

तथापि अन्यायाच्या नियमाविरुद्ध बोलण्याचीही एक रीत आहे. ती दानिएलाच्या पहिल्या अध्यायांत पाहा. तोही परमुलखांत नेलेला विद्यार्थी होता; तीन वर्षांचें शिक्षण होतें, राजाच्या ताटांतील अन्न खाण्याचा नियम होता, व तो त्याच्या मनोदेवतेस पटणारा नव्हता. त्यानें ताट लाथाडलें नाहीं, आणि निमूटपणें खाल्लेंही नाहीं. तो कारभाऱ्याकडे गेला, नम्रपणें विनंति केली, आणि दहा दिवसांची पारख करून पाहा असें सुचविलें. आपणही शाळेंत जाऊन आरडाओरड करूं नये व रडत परतूं नये. अर्ज लिहावा, त्याची पोंच घ्यावी, मुख्याध्यापकांशीं आदरानें बोलावें, आणि तेवढ्यानें न भागलें तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावें. ही ख्रिस्ती रीत आहे, आणि हींत धैर्य लागतें.

येथें उपदेशक बंधूंस माझी खास विनंति आहे. ज्या घरीं वाचणारें कोणी नाहीं, तेथें जून महिन्यांत एक संध्याकाळ बसून दैनंदिनींतील नियमांचें पान आईबापांस वाचून दाखवा. एखादें कुटुंब गांव सोडणार असें कळलें, तर प्रार्थना करून निरोप देण्यापूर्वीं विचारा : मुलाचा दाखला घेतला काय? गुणपत्रिका घेतली काय? आधार कार्ड बरोबर आहे काय? आणि ज्या शहरीं तें जात असेल, तेथील मंडळीच्या पाळकास पत्र द्या. चौदा वर्षांपुढें, नववी-दहावींत, ह्या कायद्याचा हात पोंचत नाहीं. आणि मुलें, विशेषतः मुली, शाळेंतून गळण्याचा धोका त्याच वयांत मोठा असतो. जेथें कायद्याचा हात संपतो तेथें मंडळीचा हात पुढें आला पाहिजे.

तिसरी गोष्ट. नियमाची चाकरी कधीं तरी संपावी, ह्यासाठींच नियम असतो.

दहावीच्या परीक्षेचे दिवस आठवा. किती गांवीं बाप, चुलते, मोठे भाऊ शाळेच्या खिडक्यांपाशीं चिठ्या घेऊन उभे राहतात! अशा गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रांत १९८२ पासून कायदा आहे. सरकार कॉपीमुक्तीचें अभियान चालवितें. पोलिस उभे करितें. तरी खिडकी रिकामी होत नाहीं. कां? कारण बाहेरचा नियम हात धरूं शकतो, परंतु मन पालटूं शकत नाहीं. बालरक्षक मुलाला दारापर्यंत आणील. आंत बसून शिकणें हें मुलाचें स्वतःचें काम आहे. हेंच पौलाला सांगावयाचें होतें. नियमशास्त्र पाप दाखवितें, आवरतें, आणि ख्रिस्तापाशीं आणून सोडतें. नवें हृदय ख्रिस्त देतो. तें मिळालें म्हणजे मनुष्य पहारेकऱ्याच्या भयानें वागत नाहीं. तो देवाचें लेंकरूं म्हणून वागतो. पर्यवेक्षक बाहेर गेला असतां ज्या मुलाची मान आपल्याच उत्तरपत्रिकेवर राहते, तें मूल जाणतें झालें असें समजा. त्याला कमी गुण मिळतील, कदाचित् तें नापासही होईल. पण त्याच्या बापानें त्या दिवशीं देवाचे आभार मानावे.

म्हणून, प्रिय जनहो, आपल्या मंडळींत असें होऊं द्या कीं शाळेच्या नियमाला कोणी फसवीत नाहीं, त्याच्या अन्यायाला कोणी भीत नाहीं, आणि एकही मूल फाटकाबाहेर एकटें उभें राहत नाहीं. धारवाडच्या मुलाच्या बाजूनें त्या दारीं किती जण उभे होते, देव जाणे. बेलापूरच्या दारीं जो मुलगा किंवा जी मुलगी उद्यां उभी राहील, तिचा हात धरावयास आपल्यापैकीं कोणी तरी असो.

हे परम दयाळू पित्या, तूं आम्हांस नियमशास्त्राच्या हातीं देऊन ख्रिस्तापर्यंत आणलेंस. आमच्या मुलांस आज्ञाधारक कर, आम्हां वडिलांस खरें बोलणारे कर, आणि शिक्षकांस व अधिकाऱ्यांस कोमल हृदय दे. परगांवीं गेलेल्या आमच्या लेंकरांस तूं स्वतः शोध, आणि त्या शोधांत आमचे हात वापर. येशु ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.