दोन भातुकल्या

आजचा सांगली जिल्हा १९६० पर्यंत दक्षिण सातारा म्हणून ओळखला जाई. त्या काळात एका वारकऱ्यानं पंढरपुराहून येताना आपल्या दोन लेकींसाठी पितळेच्या दोन सारख्या भातुकल्या आणल्या. चूल, बंब, जातं, रोवळी, सोऱ्या, अडणी. घरात जे जे मोठं होतं, ते ते टिचभर होऊन पोरींच्या पुढ्यात आलं.

पुढं थोरलीला सासर मिळालं साताऱ्यात, धाकटीला सांगलीत, कृष्णेकाठच्या गावभागात. सासरी जाताना आईनं दोघींना भातुकल्या बांधून दिल्या. प्रत्येक भांड्याला दोऱ्यानं चिठ्ठी लावली आणि तिच्यावर त्याचं नाव नि काम लिहिलं.

थोरलीनं भातुकली कधी कुलपात घातली नाही. आधी लेकी खेळल्या, मग आळीतल्या पोरी, मग नात. चिठ्ठ्या केव्हाच फाटल्या. दोन वाट्या हरवल्या, बंबाला पोचे आले. पण खेळ मांडला की थोरली शेजारी बसायची आणि कशात काय रांधायचं ते सांगायची.

धाकटी म्हणायची, "पोरांच्या हातात दिलं की वाटोळं. जपून ठेवलं तर पुढं मोल येईल." तिनं सगळं चिठ्ठ्यांसकट ट्रंकेत ठेवलं आणि किल्ली कनवटीला लावली.

धाकटी गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभागातलं ते घरही बुडालं. पूर ओसरल्यावर नातवानं ट्रंक उघडली, तर चिठ्ठ्यांचा लगदा झालेला आणि पितळ हिरवं पडलेलं. चिंच लावून घासल्यावर भांडी लख्ख निघाली. घर खचलं होतं, पैशाची नड होती. त्यानं जुन्या वस्तू घेणाऱ्याला बोलावलं.

तो भांडी फिरवून बघत म्हणाला, "पोचा नाही, झीज नाही. पुण्यात विलास करंदीकरांनी अशा भातुकलीचा मोठा संग्रह करून प्रदर्शनं भरवलीत. हौशी लोक शोधत येतात. पण हे तीन पायांचं काय आहे? आणि चुलीच्या बाजूला हे दुसरं तोंड कशाला?"

"ते काय माहीत नाही बुवा," नातू म्हणाला.

"गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं. सांगता आलं तर संग्रहाचा भाव, नाहीतर मोडीचा." आणि त्यानं वजनकाटा काढला.

नातवानं भांडी परत बांधली आणि साताऱ्याची एसटी धरली. थोरली आता थकली होती. तिच्या दहा वर्षांच्या नातीनं बोचकं सोडलं आणि न विचारताच बोलू लागली, "दादा, ही अडणी. तापलेलं पातेलं हिच्यावर उतरवायचं. हा चुलीचा वैल. भाताला उकळी आली की भांडं इकडं सरकवायचं, म्हणजे मंद धगीवर शिजतो आणि पुढं भाकरी होते. रोवळीत तांदूळ धुवायचे, पाणी खालून जातं." एकेक भांडं उचलत ती सांगत गेली, दादा वहीत उतरवत गेला.

वही वाचून व्यापाऱ्यानं काटा पिशवीत टाकला आणि मोडीच्या कितीतरी पट भाव सांगितला. थोरलीच्या पोचे आलेल्या भांड्यांना एवढा भाव आला नसता, हेही तो बोलून गेला. "माल सांगलीनं राखला," तो म्हणाला, "पण मोल साताऱ्यानं."

नातवानं निम्मी भांडी विकून घराची भिंत बांधली. उरलेली आपल्या लेकीसमोर मांडली आणि वही उघडून तिच्या शेजारी बसला.

तात्पर्य : नुसती वस्तू जपली तर तिचं वजन शिल्लक राहतं, तिची ओळख पुढच्या पिढीला दिली तरच तिची किंमत राहते.